नाक सांगते आहे, ऐकणार कोण?

पालघर स्थानकापासून पश्चिमेकडे निघालेला रस्ता शिरगाव ओलांडून सातपाटीत शिरतो, तेव्हा परक्या माणसाला या गावाची पहिली ओळख नाकानेच होते. वाळत घातलेली मासळी, बंदरावरचा चिखल, दमट जाळी आणि नौकांच्या इंजिनांचा डिझेलमिश्रित दर्प. गावकऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. जन्मापासूनची सवय असते. मात्र हाच गावकरी नौकेवर तांडेल म्हणून उभा राहिला की त्याचे नाक वेगळेच काम करू लागते. इंजिनाच्या खणात नेहमीपेक्षा जास्त वास आला, तळाशी साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, की तो खलाशाला आधी नळी आणि टाकी पाहायला लावतो, मगच नांगर उचलला जातो. खोल समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता हाच दक्ष समाज जमिनीवर कसा वागतो, ते पाहण्यासारखे आहे. दारात मोटार उभी असते. सकाळी दार उघडले की आत पेट्रोलचा मंद वास येतो. कोणी म्हणते, काल टाकी भरली होती म्हणून असेल. कोणी काचा खाली करते. कोणी डॅशबोर्डवर सुगंधी डबी आणून ठेवते. गाडी तशीच पालघरला, बोईसरला, महामार्गाने मनोरपर्यंत आणि पुढे मुंबईपर्यंत धावते. मागच्या आसनावर आजी आणि नातवंडे असतात. त्यांच्या आसनाखालीच पेट्रोलची टाकी असते आणि तिच्यावरच्या एखाद्या रबरी कड्याला तडा गेलेला असतो, हे कोणाच्या मनातही येत नाही.

हा केवळ सातपाटीचा दोष नाही. साऱ्या महाराष्ट्रात, किंबहुना साऱ्या देशात, मोटारीतला इंधनाचा वास ही गैरसोय मानली जाते. तो धोक्याचा इशारा आहे असे मानले जात नाही. या एका गैरसमजाची किंमत फार मोठी आहे.

वास ही सुरक्षेची तरतूद

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. पालघरच्या उन्हाळ्यात ते किती वाफ सोडत असेल याची कल्पना त्यावरून करावी. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत, गाडीच्या तळाशी, बंद गाळ्याच्या कोपऱ्यात साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या जवळ पोहोचले की एका ठिणगीचे निमित्त पुरते. ती ठिणगी स्टार्टरची असेल, विजेच्या बटणाची असेल, कोणाच्या विडीची असेल. डिझेल तुलनेने संथ असते, म्हणून नौकेवरचा धोका मोटारीतल्या पेट्रोलपेक्षा कमीच म्हणायचा. तरीही सावध असतो तो नौकेवरचा माणूस, आणि बेसावध असतो तो पेट्रोलच्या मोटारीतला. हा विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे.

या धोक्यावर निसर्गाने एक उपायही दिलेला आहे. पेट्रोलची वाफ पेट घेण्याच्या प्रमाणाला पोहोचण्याच्या कितीतरी आधी मानवी नाकाला कळते. ही देणगी किती मोलाची आहे हे जगाला एका भीषण घटनेने शिकवले. १९३७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील टेक्सास प्रांतात न्यू लंडन या गावच्या शाळेत नैसर्गिक वायूची गळती झाली. त्या वायूला वास नव्हता, त्यामुळे कोणालाही पत्ता लागला नाही. स्फोटात सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. त्यानंतर निर्गंध वायूत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आज घरातल्या सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो, तो त्याचा स्वतःचा नव्हे. माणसाने सुरक्षेसाठी विकत घेतलेला आहे. गॅसच्या बाबतीत जो वास पैसे खर्चून निर्माण करावा लागला, तो पेट्रोलने फुकट दिला आहे. त्याच वासावर सुगंधी डबीचे झाकण घालणे याला काय म्हणावे?

या संदर्भात एक नाजूक गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्याकडे अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर देवाची मूर्ती असते आणि सकाळी तिच्यासमोर उदबत्ती लावली जाते. त्या श्रद्धेबद्दल आदरच आहे. परंतु ज्या गाडीत पेट्रोलचा वास येतो, तिच्यात जळती उदबत्ती लावणे हे भक्तीचे नव्हे, अविचाराचे लक्षण होय. देवाला फूल वाहूनही नमस्कार पोहोचतो.

नाकाचा आणखी एक स्वभाव आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच ते त्याची दखल घेणे सोडते. म्हणून गाडीत बसताना आलेला वास शिरगावपर्यंत ‘गेला’ असे वाटते. वस्तुतः वास गेलेला नसतो, नाक थकलेले असते. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तर ही थकावट सार्वत्रिक झाली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये सर्वाधिक, ९३.६९ गुण तारापूरला मिळाले. हे गुण शाबासकीचे नव्हते, प्रदूषणाचे होते. रात्री-अपरात्री येणारा रासायनिक दर्प ‘नेहमीचाच’ म्हणून सोडून देण्याची सवय या भागातील माणसाला लागली. २०२० च्या जानेवारीत कोळवडे परिसरातील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटाने कामगारांचे बळी घेतले, तेव्हा त्याचे हादरे मैलोगणती जाणवले. काही दिवस चर्चा झाली. पुढे वास पुन्हा ‘नेहमीचा’ झाला. ज्या समाजाला कारखान्याच्या दर्पाची सवय होते, त्याला गाडीतल्या पेट्रोलच्या वासाची सवय व्हायला कितीसा वेळ लागणार?

खाऱ्या हवेतील लोखंड

इंधन गळते कुठून, हेही समजून घेतले पाहिजे, कारण या किनाऱ्यावर त्याची कारणे इतरत्र असतात त्यापेक्षा जास्त आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते गाडीच्या तळाला, पत्र्याच्या टाकीला, इंधनाच्या बारीक नळ्यांना आणि त्या आवळून धरणाऱ्या चापांना चिकटतात. पावसाळ्याचे चार महिने हा थर ओला राहतो आणि लोखंड आतून पोखरले जाते. गाडीतून मासळीच्या टोपल्या नेल्या की बर्फाचे खारे पाणी तळाच्या पत्र्यावर सांडते, ते वेगळेच. वरून रंग चकचकीत असतो; गंज लागतो तो टाकीच्या शिवणीला आणि पेट्रोल ओतण्याच्या नळीच्या गळ्याला, जिथे मालकाची नजर कधी जात नाही. नव्या गाड्यांत टाकी बहुधा प्लास्टिकची असते. पण नळ्या, चाप आणि रबरी जोड असतातच.

दुसरे कारण आपल्या हौसेत आहे. पंपावरची नळी ‘टक्’ करून आपोआप बंद झाली, तरी ‘अजून थोडे बसेल’ म्हणून काठोकाठ भरून घेण्याची सवय अनेकांना असते. आधुनिक गाडीत पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाच्या कणांनी भरलेला एक डबा बसवलेला असतो. तो वाफ शोषतो आणि इंजिन चालू असताना तीच वाफ इंजिनाकडे पाठवतो. टाकी नको इतकी भरली की वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात शिरते, डबा निकामी होतो आणि गाडीला कायमचा वास लागतो. पन्नास-शंभर रुपयांच्या जादा पेट्रोलासाठी हजारो रुपयांचा भाग बाद होतो.

गळती सापडल्यावरचे उपाय तर अंगावर काटा आणणारे असतात. गावोगावचा जुना तोडगा म्हणजे साबणाचा लगदा चोपडणे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून थेंब थांबतो हे खरे. पण तो गॅरेजपर्यंत गाडी ओढून नेण्याचा आधार आहे, दुरुस्ती नव्हे. त्याहून भयंकर म्हणजे टाकी ‘रिकामी’ करून तिला वेल्डिंग करणे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोल नसले तरी हवा आणि वाफ यांचे नेमके मिश्रण असते.

दोष कारखान्याचा, भोग कोणाचे?

प्रत्येक वेळी दोष मालकाचाच असतो असेही नाही. २०१० च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीने ‘ए-स्टार’ या मोटारीच्या सुमारे एक लाख गाड्या इंधन गळण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या. दोष इंधनपंपाच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे एका लहानशा कड्यात होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच कंपनीने ‘अर्टिगा’, ‘स्विफ्ट’ आणि ‘डिझायर’ यांच्या १,०३,३११ गाड्या पेट्रोल ओतण्याच्या नळीचा गळा बदलण्यासाठी बोलावल्या. टाकी ठरावीक पातळीच्या वर भरल्यास इंधनाचा वास येऊ शकतो, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. ज्या वासाला सामान्य माणूस क्षुल्लक समजतो, त्यासाठी देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीला लाखभर गाड्या परत घ्याव्या लागल्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कंपनीने दोष मान्य केला हे योग्यच झाले. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ‘पिंटो’ मोटारीची टाकी मागून बसलेल्या धडकेत फुटून आगी लागत होत्या. तेथे सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलावण्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले, आणि तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते.

भारतात दीर्घकाळ हा सारा मामला कंपन्यांच्या मर्जीवर होता. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळायची एक संहिता केली. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार शासनाला मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे.

तथापि या नियमांतली मेख सातपाटीसारख्या गावाच्या मुळावर येते. हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांनाच लागू होतात. खेड्यापाड्यांत पहिली मोटार येते ती बहुधा शहरात पाच-सात वर्षे वापरून झालेली. म्हणजे गाडी गावात आली की कायद्याचे छत्र संपले. शिवाय शासनाने सक्ती करण्यासाठी विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी नोंदल्या जाव्या लागतात. आणि आपला माणूस तक्रार करतो ती शेजाऱ्याकडे किंवा गॅरेजवाल्याकडे. लेखी नोंद तो करीत नाही. जी तक्रार कागदावर नाही, ती शासनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

तपासणीची कथाही अशीच. पीयूसी केंद्रात धुराच्या नळकांड्यातून काय बाहेर पडते तेवढेच मोजले जाते. टाकीतून काय गळते ते पाहिले जात नाही. खासगी मोटारीची तंदुरुस्ती तपासली जाते ती पंधरा वर्षांनी, पुनर्नोंदणीच्या वेळी. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांची तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. पण खासगी म्हणून नोंदलेली आणि प्रत्यक्षात शाळेची मुले वाहणारी गाडी या जाळ्यातून सहज निसटते. अशा गाडीत दहा-बारा लेकरे कोंबलेली असतात. त्यांच्यापैकी एखादा मुलगा ‘काका, वास येतोय’ असे म्हणतो, तेव्हा त्याचे ऐकणे हे त्या चालकाचे पहिले कर्तव्य आहे.

स्वदेशी इंधन, जुनी रबरे

याच प्रश्नाला अलीकडे एक नवा पैलू जोडला गेला आहे. उसापासून व धान्यापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे धोरण राष्ट्रहिताचे आहे, याबद्दल दुमत असू नये. परदेशी तेलासाठी बाहेर जाणारा पैसा शेतकऱ्याच्या घरात जावा, ही कल्पनाच स्वावलंबनाची आहे. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरू झालेला हा प्रयोग २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचला. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगते, कडक होते, भेगाळते. वीस टक्के मिश्रणाला साजेसे भाग असलेल्या गाड्या २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितले. हा खर्च मोठा नाही, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होणारे हे काम आहे, असेही मंत्रालयाचे म्हणणे होते.

म्हणणे खरे आहे. पण ते किती जणांपर्यंत पोहोचले? जो माणूस कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी कधी चढत नाही, ज्याच्या गाडीचे तीन मालक बदलले आहेत, त्याला हे कोणी सांगायचे? पंपावर मिळते तेच पेट्रोल त्याला घ्यावे लागते. धोरण राष्ट्राचे असेल, तर त्याची माहिती शेवटच्या गाडीमालकापर्यंत नेण्याची जबाबदारीही राष्ट्राच्या यंत्रणेची आहे. चांगल्या धोरणाची बदनामी विरोधकांपेक्षा असल्या दुर्लक्षानेच अधिक होते.

कोणी म्हणेल की एवढा गहजब कशाला, रस्त्यावर जळणाऱ्या गाड्यांत विजेच्या तारांचा दोषही पुष्कळदा असतो. असतो ना! पण तारेची ठिणगी आणि गळणारे इंधन एकत्र आले, की धुरावर निभावणारा प्रसंग राखेवर जातो. शिवाय आग हा एकच धोका नाही. पेट्रोलमधील बेंझीन हे कर्करोगाला कारणीभूत ठरणारे द्रव्य आहे. म्हणूनच त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. बंद काचांच्या गाडीत रोज तासभर ती वाफ हुंगणाऱ्या लहानग्यांच्या फुप्फुसांचा विचार कोणी करायचा?

नारळी पौर्णिमेपूर्वीची डागडुजी

उपाय अवघड नाहीत. पेट्रोल भरल्यानंतर थोडा वेळ वास येणे वेगळे. तो दुसऱ्या दिवशीही टिकला तर गाडी सुरू करू नये. दारे उघडावीत, माणसे बाहेर काढावीत, गाडीखाली आगकाडी किंवा दिवा घेऊन वाकू नये, जाणत्या कारागिराला जागेवर बोलवावे. गळलेल्या पेट्रोलवर वाळू टाकावी. सातपाटीला वाळूची वाण नाही. टाकीचे झाकण, रबरी नळ्या, चाप आणि मागच्या आसनाखालचा पंपाचा जोड वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा. दोष कंपनीचा वाटला तर लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. जुनी गाडी विकत घेताना, ती कंपनीने कधी परत बोलावली होती का, हे गाडीच्या चॅसी क्रमांकावरून विचारून घ्यावे.

शासनानेही दोन गोष्टी केल्या पाहिजेत. पीयूसी तपासणीच्या वेळीच गाडीखाली एक नजर टाकून गळतीची नोंद करण्याचा नियम व्हावा. त्याला नवे यंत्र लागत नाही, दोन डोळे आणि एक नाक पुरते. आणि इंधनगळतीसारखा जीवघेणा दोष असेल तर सात वर्षांची मर्यादा शिथिल व्हावी. कारखान्यात राहिलेला दोष सात वर्षांनी निर्दोष होत नाही.

मात्र सारे शासनावर सोडून चालणार नाही. सातपाटीला संघटनेची परंपरा आहे. येथील मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेल, बर्फ आणि विक्री यांची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पापलेटच्या रक्षणासाठी त्यांनी पाठपुरावा केला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला. संघटित आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो, हे या गावाने दाखवून दिले आहे. दरवर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्यांचे तळ खरवडले जातात, इंजिने उघडली जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो तो डागडुजी आटोपल्यानंतर, आधी नव्हे. त्याच दोन महिन्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतले मोटार मेकॅनिकचे विद्यार्थी बोलावून गावातल्या गाड्यांसाठीही तपासणीचे दोन दिवस ठेवता येतील. शिरगावला, मुरब्याला, बोईसरच्या वसाहतींतही ते जमेल.

नौकेच्या खणात उतरल्यावर जो तांडेल वासाने सावध होतो, तोच संध्याकाळी कुटुंबाला घेऊन मोटारीत बसतो. त्याने तेथेही तांडेलच राहावे, एवढीच अपेक्षा आहे.